न दिसलें म्हणजे नाहीं काय ?

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं घरांतल्या घरांत एक निवाडा दिला आणि तो साफ चुकला. तशी चूक वाचकांच्या हातून होऊं नये, म्हणून ती येथें सांगतों.

आमची नात महाविद्यालयाच्या शर्यतीसाठीं रोज पळावयास जात असे. तीन आठवड्यांत तिनें अंतर जवळजवळ दुप्पट केलें, आणि उजव्या नडगीच्या आंतल्या अंगास दुखूं लागलें. आधीं पळतांना, मग चालतांना, पुढें अंथरुणांतहि. क्ष-किरणांचें चित्र काढलें. त्यांत हाड अखंड होतें. तें पाहून आम्ही म्हणालों, "पोरी, हाड धड आहे. भय शर्यतीचें आहे, पायाचें नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं. दुसरे दिवशीं पहांटे लंगडत पुनः पळावयास गेली.

अखेर सूनबाईंनीं तिला अस्थितज्ज्ञाकडे नेलें. त्यांनीं "कोठें दुखतें तें बोटानें दाखव" एवढेंच सांगितलें. तिनें एकच बोट एकाच जागीं ठेवलें. नडगीभर पसरलेला ठणका बहुधा निराळा असतो. बोटाएवढ्या जागेचें दुखणें मात्र हाडांतील चिरेचा संशय उत्पन्न करतें. एमआरआय केल्यावर ती चीर दिसली.

हाड हें दगड नव्हे. तें सजीव आहे. श्रमानें झिजलेला भाग शरीर प्रथम पोखरून काढतें व मग नव्यानें भरतें. भरणें पुरें होण्यापूर्वींच रोज नवा भार पडला, तर तेथें केसासारखी चीर जाते. ती क्ष-किरणांच्या चित्रांत आरंभीं सहसा उमटत नाहीं. पुढें दिसतें तें बहुधा तिच्याभोंवतीं बसूं लागलेलें नवें हाड. त्यास दोन-तीन आठवडे, कधीं अधिकहि लागतात, आणि कधीं तें दिसतच नाहीं. एमआरआयमध्यें चुंबक व रेडिओलहरी वापरतात. हाडाच्या आवरणांतील व मज्जेंतील सूज त्यांत लवकर उमटते. या सुजेवरूनच फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं नडगीच्या इजेच्या चार पायऱ्या ठरविल्या. चौथींत प्रत्यक्ष चीर दिसते.

१८५५ सालीं ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्यानें शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचें वर्णन केलें. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ त, आणि त्या पावलांतील हाडें मोडतात हें चित्रांत दिसलें १८९७ त. मधलीं बेचाळीस वर्षें शिपायांचें दुखणें खरेंच होतें. साक्षीदार तेवढा नव्हता.

आम्हांस लाज वाटली ती निराळ्या कारणानें. अंधारांत घट दिसला नाहीं, म्हणून घट नाहीं असें ठरत नाहीं. उजेड असून आणि वस्तु दिसण्याजोगी असूनहि ती न दिसली, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. ही योग्यानुपलब्धि आम्हीं लहानपणीं घोकली होती. नातीच्या पायापाशीं ती आठवली नाहीं !

प्रत्येक ठणक्यास एमआरआय हवेंच असें नाहीं. तें डॉक्टरांनीं ठरवावें. परंतु एकाच जागीं दुखत असेल, तर चित्र निर्मळ असलें तरी पळणें त्याच दिवशीं थांबवावें. नडगीच्या पुढच्या अंगाची चीर तर फार हट्टी असते. तेथें विलंब मुळींच करूं नये.

नातीची शर्यत हुकली. आतां ती पुनः हळूहळू पळूं लागली आहे. आम्हीं तिची क्षमा मागितली. आजोबांनीं नातीची क्षमा मागण्याचा आमच्या घरांतील हा पहिलाच प्रसंग. तो याआधींच यावयास हवा होता.