सभासदांची यादी

ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले, त्याच विद्यापीठातील एका यादीची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. विद्यार्थी-संघटनेस मान्यता हवी असल्यास तिने सभासदांची नावे सादर करावीत, असा तेथील नियम होता. नियम सर्वांस सारखाच. म्हणून तो न्याय्य आहे, असे कोणासही वाटावे.

स्टीफन डोनाल्डसन या टोपणनावाने वावरणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्या विद्यापीठात समलिंगी विद्यार्थ्यांची संघटना स्थापण्याचे मनावर घेतले. समलिंगी माणसाबरोबर राहणे आम्हांस रुचत नाही, अशी तक्रार त्याच्या सहनिवाशांनी डीनकडे केली होती व त्यास खोली बदलावी लागली होती. आडनाव कळताच भाड्याची खोली नाकारली जाण्याचा अनुभव ज्यांच्या घरात आहे, त्यांना या तक्रारीचा सूर वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मान्यतेवाचून विद्यापीठाच्या आवारात जाहीर कार्यक्रम घेता येईना, पैसा मिळेना. आणि मान्यता मागावी तर नावे द्यावी लागत. न्यूयॉर्क राज्यात समलिंगी संबंध हा तेव्हा गुन्हा होता. यादीतील नाव म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे, हे आम्ही वकील जाणतो. परंतु नोकरी देणारा मालक आणि घरची वडील मंडळी पुराव्याचा कायदा उघडून बसत नसतात.

मार्ग निघाला तो असा : विद्यापीठातील काही नामांकित विद्यार्थी-पुढारी नावापुरते सभासद झाले. यादी भरली, आणि ज्यांना भय होते त्यांची नावे झाकलेलीच राहिली. १९ एप्रिल १९६७ रोजी 'स्टुडंट होमोफाइल लीग' या संघटनेस मान्यता मिळाली. ३ मे रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही वार्ता पहिल्या पानावर छापताच विद्यापीठाकडे संतप्त पत्रांचा ओघ सुरू झाला. अधिकारी कचरले व संघटनेने स्नेहमेळावे भरवू नयेत, असे बंधन त्यांनी घातले. म्हणजे चर्चा करा, पण एकमेकांस भेटू नका! एकाकी पडलेल्या विद्यार्थ्यास व्याख्यानाहून अधिक गरज असते ती चार माणसांत निर्भयपणे बसण्याची. पुढे १९७० पासून विद्यापीठाच्या अर्ल हॉलमध्ये या विद्यार्थ्यांचे नृत्यमेळावे भरू लागले. राज्यातील तो कायदा मात्र न्यायालयाने रद्द ठरविला १९८० साली.

हे अमेरिकेतील सुखवस्तू मुलांचे प्रश्न, आपणांस त्यांचे काय, असे आमचे काही बांधव म्हणतील. त्यांना आम्ही १९३४ सालच्या एका खटल्याची आठवण देतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न असत. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा मुंबईच्या उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांस दोनशे रुपये दंड झाला. अशा खटल्यात नाव गुंतविण्याची बाबासाहेबांना कोणती गरज होती? तरीही त्यांनी ते गुंतविले.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. तत्पूर्वीच, २०१६ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती करून जात, धर्म, लिंगभाव आणि लैंगिक कल यांवरून होणारा छळ एकाच वाक्यात आणून ठेवला. आमच्या अनेक घरांतून वसतिगृहात पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे. जातीवरून टोमणे ऐकणारा आणि समलिंगी म्हणून हिणविला जाणारा मुलगा कित्येकदा एकच असतो. तो दोन्ही गोष्टी घरी सांगत नाही. पहिली सांगितली तर आईबाप दुःखी होतील म्हणून, आणि दुसरी सांगितली तर ते आपणांस टाकतील म्हणून.

यास्तव पालकांस आमचे सांगणे की, मुलाने दुसरी गोष्ट सांगितली तर पहिलीइतक्याच शांतपणे ऐकावी. महाविद्यालयांत पुढारीपण करणाऱ्या आमच्या तरुणांनी, अशा विद्यार्थ्यांचे मंडळ स्थापन होत असेल तर अर्जावर आपली नावे प्रथम घालावीत. आणि छळाची तक्रार करावयाची झाल्यास नाव उघड होईल म्हणून कोणी थांबू नये. माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त राखणे हे आयोगाच्या नियमांनुसार संस्थेचे कर्तव्य आहे. प्राचार्य नाव विचारू लागले, तर तो नियम त्यांच्यापुढे लेखी ठेवावा आणि पोच घ्यावी.