पीयूसी पास, दिवाही बंद. मग पेट्रोलचा वास येतो कुठून?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून गाडीचं काहीही बिघडलं की खापर पंपावर फुटतं. पण सकाळी पडवीत लावलेल्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी टाकीचं झाकण आणि नळ्या बघायला हव्यात. ही बारीक गळती पीयूसीत सापडत नाही आणि बहुतेक वेळा मीटरवरचा इंजिनचा दिवाही ती दाखवत नाही.

उन्हात टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाची डबी असते. मेकॅनिक तिला कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांत ही सोय असते.

तपासणीत का सुटते?

पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात. तिथे धूर मोजला जातो, झाकणातून निसटलेली वाफ नाही. दिव्याचंही तसंच. अमेरिकेत कारच्या संगणकाने अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीही पकडावी, असा नियम आहे. आपले नियम युरोपच्या धर्तीवरचे. त्यात व्हॉल्व्हची वायर तुटली तर दिवा लागतो; नळीला चीर पडली तर लागेलच असं नाही.

शोधायची कशी?

आधी झाकणाचं रबर बघा. ते कडक झालं, चिरलं की वाफ तिथूनच निसटते. मग टाकीपासून डबीपर्यंतची नळी वाकवून भेगा बघा. इंजिन बंद असताना पर्ज व्हॉल्व्हमधून हवा आरपार जात असेल, तर तो उघडाच अडकलाय. एवढ्यावर सापडलं नाही, तर मोठ्या गॅरेजमध्ये कमी दाबाने धूर सोडून गळती शोधतात. टायरच्या हवेचा पाइप मात्र लावू देऊ नका, नळ्या फाटतात. अंधारात बघायला बॅटरी वापरा, काडी पेटवू नका.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितलं होतं, की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात. म्हणजे इथेनॉलचा संबंध असलाच, तरी उपाय रबर बदलण्याचाच आहे.

काही जण डबीच काढून नळी मोकळी सोडतात. टाकी गळ्यापर्यंत भरायची सवयही वाईट. पेट्रोल डबीत शिरून कोळसा निकामी होतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. गावात गाडी रात्री घरातच लागते. शेजारी चूल, गॅस नाहीतर समई असते. म्हणून पीयूसीचा कागद खिशात असला, तरी वास आला की गाडी आधी बाहेर मोकळ्यावर काढा आणि मगच मेकॅनिकला दाखवा.