वीस गुणांचा सिनेमा

उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला सिनेमा दाखवायचा म्हटले की दोन बाजूंनी आवाज उठतो. एका बाजूला आमचे बुजुर्ग. सिनेमा म्हणजे बेहयाई, मुले बाहेर पाहतात तेवढे पुरे, मदरशात नाही तर निदान शाळेत तरी तो नको, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला आमचेच शिक्षक, संस्थाचालक आणि क्लासवाले. या मुलांना धड टेन्स येत नाहीत, आधी ग्रामर पक्के करा, सिनेमाचे लाड इंग्रजी माध्यमाच्या मुलांना परवडतात, असे त्यांचे म्हणणे. एरवी या दोघांचे कशावरच एकमत होत नाही. आमच्या मुलांनी पडद्याकडे विचार करून पाहू नये, यावर मात्र झाले आहे.

आम्ही पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या मुलांना शिकवतो. कुणाचे अब्बा कंपनीत कंत्राटी आहेत, कुणाचे वेल्डिंगचे काम, कुणाचा भंगाराचा धंदा. अब्बा नाइट शिफ्टला आणि अम्मी कामात. मोबाईल मुलाच्या हातात. मूल रोज तास-दोन तास चित्रेच पाहत असते. तेव्हा सिनेमा दाखवावा की नाही, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. प्रश्न एवढाच की, पाहिलेल्या चित्राला जाब विचारायला त्याला कोण शिकवणार? मौलवी साहेब शिकवणार नाहीत, गाईडही शिकवणार नाही. राहिला भाषेचा शिक्षक.

बेहयाईचा आक्षेप घेणाऱ्यांसमोर आम्ही माजिद माजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ ठेवतो. १९९७ सालचा हा इराणी सिनेमा. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात आणि भावाच्या एका जोडीवर दोघे शाळा करतात. ती सकाळच्या पाळीला, तो दुपारच्या. पाळीची शाळा आमच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. भाषा फारसी, खाली इंग्रजी सबटायटल्स. उर्दू शिकलेल्या मुलाच्या कानावर ‘मदरसा’ येतो आणि डोळ्यांसमोर ‘स्कूल’ येते. फारसीत मदरसा म्हणजे साधी शाळा. एकच शब्द एका मुलुखात शाळा आणि दुसऱ्या मुलुखात संशय कसा होतो, याचा धडा या एका ओळीत आहे. तो घ्यायला इंग्रजीच्या तासापेक्षा चांगली जागा कोणती?

आता ग्रामरवाल्यांचे. पस्तीस मिनिटांच्या तासात अख्खा सिनेमा बसत नाही आणि बसवायचाही नसतो. चार मिनिटांचा तुकडा पुरतो. आधी आवाज बंद करून पाहायचा, मग डोळे मिटून नुसता ऐकायचा, मग दोन्ही एकत्र. नंतर तीन वाक्ये: मला काय दिसले, मला काय ऐकू आले, मला काय वाटते आणि का. यातले ‘बिकॉज’ हेच खरे काम. ‘आय थिंक’ पर्यंत वर्गातली सगळी मुले पोचतात, ‘बिकॉज’पाशी अडतात. तिथे ती उर्दूत बोलतात, मराठीत बोलतात, मग अडखळत इंग्रजीत येतात. टेन्स याच रस्त्याने पक्के होतात, कारण मुलाला काही तरी सांगायचे असते. सांगायलाच काही नसलेल्या मुलाला बाराच्या बारा काळ शिकवले, तरी ते वहीतच राहतात.

खरे दुखणे मूल्यमापनाचे आहे. बारावीच्या इंग्रजीत चित्रपट परीक्षण लिहायला येते. चांगली गोष्ट. पण त्याचे काय झाले? कथा, कलाकार, संगीत, दिग्दर्शन, संदेश असे मुद्दे ठरले आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तयार वाक्य आले. नाव बदला, तेच परीक्षण कुठल्याही सिनेमाला लागू. सिनेमा न पाहताही गुण मिळतात. कारखान्यात पार्ट गेजवर तपासतात, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. लोखंडाच्या तुकड्याला ते ठीक आहे. मुलाच्या मताला तेच गेज लावले की मूल मत मांडणे सोडून गेजच्या मापाचे उत्तर घडवायला लागते.

दहावीला भाषांच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेशिवाय २० गुण शाळेच्या हातात असतात. २०१९ च्या परीक्षेला ते काढून घेतले गेले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि ते गुण परत आले. परत आल्यावर आपण त्यांचे काय केले? बहुतेक ठिकाणी ते पुन्हा खिरापतीसारखे वाटले जातात. आमचे म्हणणे असे की या वीस गुणांत सिनेमा आणा. पाच गुण नेमके काय पाहिले-ऐकले याला, पाच त्यातला पुरावा दाखवण्याला, पाच ‘बिकॉज’ला आणि पाच बोलण्याला. मत शिक्षकाच्या विरोधात गेले तरी एक गुण कापायचा नाही.

‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मधल्या अलीला शर्यतीत तिसरा नंबर हवा असतो, कारण तिसऱ्याला बूट मिळणार असतात. तो पहिला येतो आणि रडतो. तो का रडतो, एवढेच विचारा. पहिल्या नंबरासाठी मुलांना धाप लागेपर्यंत पळवणाऱ्या आपल्या शाळांत हा प्रश्न मुलांनाच नव्हे, शिक्षकांनाही जड जातो.

हे सगळे कशासाठी, असे कुणी विचारील. ‘द केरला स्टोरी’ आठवा. २०२२ च्या टीझरने ३२,००० मुलींचा आकडा सांगितला. २०२३ मध्ये सिनेमा येण्याआधी ट्रेलरच्या वर्णनात त्या तीन झाल्या. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांना मान्य करावे लागले की, या आकड्याला अधिकृत आधार नाही अशी सूचना सिनेमात घालू. २०२५ मध्ये त्याच सिनेमाच्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. या घटना ओळीने वाचून चिडणे सोपे आहे, आणि आमची मुले चिडतातच. पण चिडलेल्या मुलाचे म्हणणे कुणी ऐकत नाही. आकडा कुठून आला, या शॉटला हे संगीत का, कॅमेरा या चेहऱ्यावर एवढा वेळ का थांबला, असे तीन प्रश्न शांतपणे विचारणाऱ्या मुलाला उत्तर द्यावे लागते.

हेच प्रश्न आपल्या आवडत्या सिनेमांनाही विचारा. ‘चौदहवीं का चाँद’, ‘मेरे महबूब’ पाहून आपले वडीलधारे खूश होते. त्या शेरवान्यांत, झुंबरांत आणि शायरीत वेल्डर कुठे होता? तवायफ आणि नवाब यांच्या पलीकडचा मुसलमान ‘गर्म हवा’त दिसला. आग्र्याचा, बुटांचा कारखानदार, ज्याला कर्ज मिळत नाही आणि भाड्याने घर मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मागे नात लावून फिरणाऱ्या आपल्याच अफवांनाही हेच प्रश्न विचारायचे. ही शिकवण एकतर्फी राहिली तर ती वकिली होते, तिला शिक्षण म्हणता येत नाही.

आणि साधन नाही, असे पुण्याच्या दाराशी राहून कुणी म्हणू नये. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९६४ साली सुरू झालेले चित्रपट संग्रहालयही त्याच रस्त्यावर. बालभारती आणि बोर्डही पुण्यातच. एवढे जवळ असून त्यांचा आमच्या वर्गाशी संबंध येत नाही. त्याच प्रभातने १९४१ साली, पाकिस्तानच्या मागणीला वर्षच झाले असताना, ‘पडोसी’ काढला. मराठीत ‘शेजारी’. ठाकूर आणि मिर्झा हे दोन दोस्त. धरण बांधू पाहणारा भांडवलवाला त्यांच्यात वैर लावतो. शांतारामबापूंनी ठाकूर केला मजहर खान यांना आणि मिर्झा केले गजानन जागीरदारांना. शेतजमिनींवर कारखाने उभे राहिलेल्या चाकणच्या मुलाला हा सिनेमा आजचा वाटेल. पण तो त्याला कोणी दाखवलेला नाही.

बुजुर्गांना आमची अर्ज आहे की, डोळे झाकणे हा परहेज नव्हे, पाहून पारखणे हा परहेज आहे. शिक्षकांना सांगणे असे की, पाठ टाचणात दृक-श्राव्य साधन असा रकाना बी.एड.पासून आपण भरत आलो आहोत, आता तो खरा भरा. बोर्डाकडे मागणी एकच आहे. वीस गुण आहेतच. त्यांत मुलाच्या ‘बिकॉज’ला जागा द्या.