‘अ‍ॅजिटेट’ म्हणजे नेमके काय?

विहाराची भिंत असो, वसतिगृहाचे प्रवेशद्वार असो की लग्नपत्रिकेचा वरचा कोपरा, ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही अक्षरे आम्हाला सगळीकडे भेटतात. ती इतकी पाठ झाली आहेत की आता आम्ही ती वाचतच नाही. म्हणून या तीन शब्दांपैकी एका शब्दाचे मूळ इंग्रजी रूप आज समाजबांधवांपुढे ठेवायचे आहे.

१९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीद इंग्रजीत होते : एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी हेच तीन शब्द, याच क्रमाने, समाजाच्या हाती दिले. म्हणजे ‘अ‍ॅजिटेट’ मध्ये होते. मराठीत येताना त्याची जागा बदलली, ते शेवटी गेले. आणि अर्थही बदलला, त्याचा ‘संघर्ष’ झाला.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ आहे हलवत राहणे, स्थिर राहू न देणे. कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी आणि कपडे घुसळणारा जो भाग असतो, त्याला अ‍ॅजिटेटर म्हणतात. अस्वस्थ झालेल्या माणसाला इंग्रजीत अ‍ॅजिटेटेड म्हणतात. एखाद्या हक्कासाठी लोकमत जागे करणे, प्रश्न सतत पेटता ठेवणे यालाही हेच क्रियापद. तीनही अर्थांत मारामारी नाही, ढवळणे आहे. गंमत अशी की आपला ‘आंदोलन’ हा शब्दही मुळात झोका, हेलकावा असाच आहे. आम्ही मात्र आंदोलन म्हटले की रास्ता रोको आणि निवेदन एवढेच समजतो. काही जुन्या कार्यकर्त्यांनी या शब्दासाठी ‘चेतवा’ हे क्रियापद वापरले. राखेखालचा निखारा फुंकून चूल पेटवणाऱ्या आमच्या आयांना त्याचा अर्थ सांगावा लागला नसता.

व्याकरणाची आणखी एक गोष्ट. एज्युकेट, ऑर्गनाइज ही इंग्रजीत सकर्मक क्रियापदे आहेत. त्यांचा अर्थ नुसता ‘शिका’ नाही, ‘शिकवा’ असाही आहे. ‘संघटित व्हा’ नाही, ‘संघटित करा’ असाही आहे. ‘अ‍ॅजिटेट’ तर माणसाच्या मनाला लावले की दुसऱ्याचे मन ढवळणे हाच त्याचा अर्थ. मराठीत तिन्ही आज्ञा ज्याच्या त्याच्यापुरत्या झाल्या. मी शिकलो, मला नोकरी लागली, माझा फ्लॅट झाला. म्हणजे पहिली आज्ञा पाळली, असे समजायला आमचा शिकलेला वर्ग मोकळा झाला.

बाबासाहेबांच्या मनात हा शब्द कसा होता, हे पाहायला महाडला जावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला होता. कागदावर तळे खुले होते, पण पाणी कुणी भरत नव्हते. कमतरता कायद्याची नव्हती, ढवळलेल्या मनांची होती. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे आधी स्वतःच्याच लोकांना हलवले : मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा, मुलांना शिकवा. त्यानंतर लोक चवदार तळ्याकडे चालू लागले. आधी मन हलले, मग पाय. कोर्टाची लढाई १९३७ पर्यंत चालली, पण खरी लढाई त्या मांडवात सुरू झाली होती.

म्हणूनच मधल्या शब्दाची जागा महत्त्वाची आहे. मन अस्वस्थ न होता जी संघटना उभी राहते, ती लेटरहेडवर राहते. ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती तुकडे झाले, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. अस्वस्थता समान असेल तर नेते भांडले तरी लोक फुटत नाहीत. अस्वस्थताच नसेल तर उरतात ती फक्त पदे.

उलट बाजूही पाहू. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. रस्त्यावर उद्रेक झाला तो नोव्हेंबरमध्ये, आणि तोही बड्या नेत्यांच्या आदेशाची वाट न पाहता. तेव्हा सत्तेत बसलेल्यांनी त्यात नक्षलवाद्यांचा हात शोधला. प्रस्थापितांना हा शब्द नेहमी बाहेरच्या चिथावणीखोराचाच वाटतो. १९६३ साली अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनाही याच आरोपाला उत्तर द्यावे लागले होते. अन्याय करणारा आतला असतो, पण अन्याय दाखवणारा मात्र बाहेरचा ठरतो!

कुणी म्हणेल, २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनीच सत्याग्रहाचा मार्ग सोडायला सांगितले ना? सांगितले; संवैधानिक मार्ग उपलब्ध असताना तो सोडू नका, एवढाच त्याचा अर्थ. पण संवैधानिक मार्ग आपोआप चालत नाही. रखडलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज, रिक्त राखीव जागांची माहिती, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवून घेण्याचा आग्रह, हे सारे करायला आधी कुणीतरी अस्वस्थ व्हावे लागते आणि शेजाऱ्याला अस्वस्थ करावे लागते.

‘संघर्ष करा’ पुसून टाका, असे आमचे म्हणणे नाही. त्या शब्दाने नामांतराची सोळा वर्षांची लढाई लढली आहे. आमची मागणी एवढीच आहे की भिंतीवरच्या पहिल्या आणि दुसऱ्या शब्दाच्या मध्ये जो शब्द गळाला आहे, तो प्रत्येकाने मनात वाचावा. यंदाच्या जयंतीला डीजेचा आवाज थोडा कमी करून, आपल्या वस्तीतल्या एका घराला त्याचा अडलेला हक्क समजावून सांगितला, तर तेच ‘अ‍ॅजिटेट’चे खरे भाषांतर होईल.

जय भीम!