आधी चेहरा, मग लोगो

योनेक्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सोसायटीतलं बॅडमिंटन कोर्ट, सकाळी सहाची बॅच आणि दहावीच्या निकालानंतर बाबांनी घेऊन दिलेली ती रॅकेट. यामाहा म्हटलं की आरएक्स-१०० चा आवाज. ब्रिजस्टोन म्हणजे टायर. हीच तीन नावं एखाद्या जपानी गोल्फवेड्यापुढे घ्या. त्याला आधी आठवतील ते ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे गाडीवरचा नव्हे. गोल्फच्या बॅगेतली सगळ्यात लांब काठी. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. लांब टोला हाणायला ड्रायव्हर आणि फेअरवे वुड, मधल्या अंतराला लोखंडी पात्याची आयर्न, जवळून चेंडू उचलून टाकायला वेज आणि शेवटी होलमध्ये ढकलायला पटर. एवढं कळलं की पुढचं सोपं आहे. निदान वाचायला तरी.

माझा एक मित्र दीड वर्षं ओसाकाला ऑनसाइट होता. जपानी भाषेची परीक्षा पुण्यातच पास होऊन गेलेला, त्यामुळे क्लायंटच्या मंडळींनी त्याला लगेच आपल्यात ओढलं. एका शनिवारी ते त्याला जुन्या गोल्फ क्लबांच्या दुकानात घेऊन गेले. जपानमध्ये अशी दुकानं भरपूर आहेत, आपल्याकडे सेकंडहँड गाड्यांची असतात तशी. तिथे एक साठीचे गृहस्थ आले. त्यांनी रॅकमधून एक आयर्न काढली, जमिनीवरच्या हिरव्या मॅटवर टेकवली, वरून नुसती बघितली आणि परत ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. एकही फिरवून बघितली नाही! मित्राने न राहवून विचारलं तेव्हा त्याचा सहकारी म्हणाला, ‘काओ बघतायत.’

काओ म्हणजे चेहरा. थोडक्यात काय, तो कांदेपोह्यांचा कार्यक्रम चालला होता.

मला ही गंमत वाटली होती. पण मग जपानी प्रोफेशनल खेळाडू क्लब कसे निवडतात याबद्दल जे जे हाताला लागलं ते वाचत गेलो, आणि लक्षात आलं की त्या साठीच्या काकांचं अजिबात चुकलं नव्हतं. तिथले प्रोसुद्धा आधी चेहराच बघतात. चेंडूसमोर उभं राहिल्यावर खाली मान घातली की क्लबचं डोकं जसं दिसतं, तो त्याचा चेहरा. आयर्नच्या वरच्या कडेची जाडी किती? दांड्याला पातं जिथे जोडलंय तिथून ते मागे सरकलंय की सरळ आहे? पुढची धार सरळ आहे की जरा गोलसर? बहुतेक प्रोंना वरची कड बारीक लागते आणि मान सरळ.

ड्रायव्हरच्या चेहऱ्यांना तर तिकडे नावंसुद्धा आहेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याला वरून बघताना पातं किंचित डावीकडे वळलेलं दिसलं तर तो ‘त्सुकामारिगाओ’, म्हणजे चेंडूला धरून ठेवणारा चेहरा. उजवीकडे उघडलेलं दिसलं तर ‘निगेगाओ’, पळून जाणारा चेहरा. आपल्यासारख्या नवख्यांचा चेंडू कायम उजवीकडे पळतो, म्हणून आपल्याला पहिला चेहरा विकला जातो. प्रोंपैकी अनेकांना भीती उलटी असते. जोरात मारताना चेंडू डावीकडे झपकन वळेल ही. त्यांना धरून ठेवणारा चेहरा दिसला की हात आपोआप आखडतो. मिलिमीटरची बाब, पण स्विंग बिघडायला तेवढी पुरते.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण एक तांत्रिक मुद्दा आहे. ड्रायव्हरच्या पात्यावरून चेंडू किती उसळावा याची मर्यादा २००८ पासून जगभर सगळ्यांना लागू झाली. डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं करता येत नाही. म्हणजे कुठल्याही मोठ्या कंपनीचा ड्रायव्हर घ्या, तो त्या मर्यादेच्या आसपासच असणार. मग प्रोने निवडायचं कशावर? डोळा आणि हात यांवर.

हाताचा भाग म्हणजे ‘दाकान’, टोला लागतानाची जाणीव. त्यासाठी जपानी आयर्नची ख्याती आहे. आयर्न दोन प्रकारे बनते: वितळलेलं पोलाद साच्यात ओतून, किंवा तापलेल्या पोलादाच्या कांडीवर हातोडा हाणून. जपानी प्रोंचा ओढा वर्षानुवर्षं दुसऱ्या प्रकाराकडे. पोलादही मऊ, कमी कार्बनचं. ‘एस२५सी’ हा त्यातला नेहमीचा ग्रेड, कार्बन साधारण पाव टक्का. मऊ म्हणजे मान वाकवून कोन हवा तसा करता येतो, खालचा भाग घासून घेता येतो. वेजची पाठ कुठे किती घासायची यावर खेळाडू आणि कारागीर तासन्‌तास घालवतात. मग वर शिशाची चिकटपट्टी, वजन ग्रॅमने इकडेतिकडे करायला. आपण एक्सेलमध्ये सेलची रुंदी जुळवत बसतो तसं.

ह्योगो प्रांतात हिमेजीच्या उत्तरेला इचिकावा नावाचं छोटं गाव आहे. जपानमधली पहिली देशी आयर्न १९३० च्या सुमाराला तिथे घडली असं मानतात. या भागात लोहारकामाची परंपरा जुनी. १८७६ मध्ये सामुरायांना तलवार बाळगायला बंदी झाली आणि तलवारी घडवणाऱ्या हातांना दुसरी कामं शोधावी लागली. कॅटलॉगवाले यावरून ‘सामुरायाची तलवार तुमच्या बॅगेत’ वगैरे रंगवतात. ते जरा अतीच होतं. आज तिथे अवजड प्रेस आहेत, संगणकावर चालणारी यंत्रं आहेत. पण शेवटचं घासकाम अजून हाताने चालतं हे खरं. निगाता प्रांतातल्या त्सुबामे गावाचीही अशीच गोष्ट. चमचे-काट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातला एंडोचा कारखाना कित्येक ब्रँडांच्या आयर्न घडवत आला आहे. लोगो वेगळे, हातोडा एकच. मिझुनो १९३३ पासून क्लब बनवते, आणि तिच्या आयर्न घडतात हिरोशिमात.

मग प्रो चेहरा आणि दाकान बघून हवा तो क्लब उचलतो का? इथेच खरी मेख आहे. कॉन्ट्रॅक्ट!

प्रोला बक्षिसाचे पैसे मिळतात ते शनिवार-रविवारपर्यंत टिकला तर. पहिल्या दोन दिवसांतच कट चुकला की हात हलवत घरी. कंपनीच्या कराराचे पैसे मात्र ठरलेले. बदल्यात टोपीवर नाव, बॅगेवर नाव आणि बॅगेत त्यांचे ठरावीक क्लब. जपानमध्ये हे नातं फार घट्ट होतं, कारण देशी कंपन्याच एवढ्या होत्या. टायरवाले, पियानोवाले, रॅकेटवाले, सगळेच क्लब बनवत. (योनेक्सची सुरुवात तर मासेमारीच्या जाळ्यांच्या लाकडी तरंगांपासून झाली. प्लॅस्टिक आलं, तरंग बुडाले, मग रॅकेट.)

त्या काळाचा राजा म्हणजे मासाशी ‘जम्बो’ ओझाकी. आधी बेसबॉलमधला प्रोफेशनल पिचर, मग गोल्फर. जपान टूरवर ९४ विजय, १२ वेळा वर्षाच्या कमाईत पहिला. १९९० च्या दशकात ब्रिजस्टोनचे ‘जेज’ क्लब तो वापरायचा म्हणून अख्ख्या जपानच्या ऑफिसांतले साहेब वापरायचे. त्याच्या मनगटातली ताकद अर्थात बॉक्समध्ये यायची नाही.

आणि योनेक्सचा हिरो होता र्‍यो इशिकावा. २००७ मध्ये पंधराव्या वर्षी, शाळेत असताना, त्याने जपान टूरवरची स्पर्धा जिंकली. २ मे २०१० ला नागोयाजवळ ‘द क्राउन्स’च्या शेवटच्या दिवशी तो पहिल्या नंबरापेक्षा सहा फटके मागे होता. त्या दिवशी १२ बर्डी, एकही चूक नाही, ५८ फटक्यांत राउंड संपवला आणि पाचने जिंकला. हातात योनेक्स. त्या आठवड्यात योनेक्सच्या ऑफिसात काय वातावरण असेल, विचार करा! २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टूरवर खेळायला लागताना तो कॅलवे या अमेरिकन कंपनीकडे गेला.

पण या सगळ्यात माझा लाडका माणूस हिदेकी मात्सुयामा. त्याचा करार डनलॉपशी, म्हणजे स्रिक्सन या ब्रँडशी. पण ड्रायव्हरच्या बाबतीत हा माणूस कुणाचं ऐकत नाही. सराव करताना तीन-चार ड्रायव्हर घेऊन उभा राहतो आणि मनाला पटेपर्यंत मारत बसतो. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याने फिनिक्स ओपन जिंकली तेव्हा टोपीवर स्रिक्सन आणि हातात ड्रायव्हर कॅलवेचा! कंपनीच्या मीटिंगमध्ये त्या दिवशी कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं असेल देव जाणे. पण कंपनीने त्याला मोकळीक दिली, आणि मला वाटतं, ते त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं.

त्याआधीची एक गोष्ट आहे, १ जून २०१४ ची. अमेरिकेतली मेमोरियल स्पर्धा, शेवटचा होल, मात्सुयामा २२ वर्षांचा. ड्रायव्हरचा टोला मनासारखा लागला नाही म्हणून त्याने क्लब जमिनीवर आपटला. फार जोरात नाही, वैतागून आपण माउस आपटतो तेवढाच. डोकं तुटून बाजूला! त्याने त्या होलवर बर्डी काढली आणि केव्हिन नाशी बरोबरी साधली. आता प्लेऑफ. पण रागाने मोडलेला क्लब तेव्हाच्या नियमाप्रमाणे बदलता येत नव्हता. मग त्याने थ्री-वुड काढला, त्यावर टी-शॉट मारला आणि जिंकला. अमेरिकन टूरवरचा त्याचा पहिला विजय, तो ड्रायव्हरशिवाय.

११ एप्रिल २०२१ ला त्याने मास्टर्स जिंकली. पुरुषांची मेजर जिंकणारा पहिला जपानी. या वेळी ड्रायव्हर स्रिक्सनचा होता. आयर्न स्रिक्सन, वेज त्याच घरातल्या क्लीव्हलँडचे. पण फेअरवे वुड टेलरमेडचा आणि पटर स्कॉटी कॅमेरन. म्हणजे करारवाल्या कंपनीचे क्लब जिथे मनाला पटले तिथे त्यांचे, बाकी ज्याचा चेहरा आवडला त्याचे.

बाकीच्यांनीही असेच वेगवेगळे रस्ते धरले. हिनाको शिबुनोने २०१९ ची ब्रिटिश ओपन हसतहसत जिंकली ती अमेरिकन पिंगच्या क्लबांवर. सातोशी कोदाइराने २०१८ मध्ये अमेरिकन टूरवर स्पर्धा मारली ती योकोहामा रबरच्या पीआरजीआरवर. शुगो इमाहिरा २०१८ आणि २०१९ मध्ये जपानच्या कमाईत पहिला आला तो यामाहा घेऊन. डोक्यावर काउबॉय हॅट घालणारा शिंगो काटायामा तर पाच वेळा पहिला आला, आणि त्याची बॅग बघून जुनी मंडळी नाकं मुरडायची. लांबच्या आयर्न काढून त्याने जास्त नंबरचे वुड भरले होते, जे तोवर हौशी काकालोकांचे क्लब मानले जायचे.

आणि सोन्याचा क्लब? तोही आहे. होन्मा नावाची कंपनी साकाता गावात बनवते. नोव्हेंबर २०१६ मध्ये शिंझो आबेंनी डोनाल्ड ट्रम्पना सोनेरी होन्मा ड्रायव्हर भेट दिला होता. हाच ब्रँड घेऊन कोरियाची ली बो-मी २०१५ आणि २०१६ मध्ये जपानच्या महिला टूरवर कमाईत पहिली आली, पण ती खेळायचे ते क्लब वेगळे. सोनेरी ते भेट द्यायला.

देशी लोगो बॅगेतून कमी होतायत म्हणून जपानी गोल्फवाले हळहळतात. पण दांडा बघा. मात्सुयामाच्या ड्रायव्हरचा कार्बन शाफ्ट ग्राफाइट डिझाइनचा, चिचिबु गावातला. अमेरिकन डोक्यांमध्ये बसलेले फुजिकुरा आणि मित्सुबिशीचे शाफ्ट जगभरचे प्रो वापरतात. तिथे कुणाचं लक्ष जात नाही इतकंच.

मित्र ओसाकाहून येताना त्या दुकानातून एक जुनी सेव्हन-आयर्न घेऊन आला. मिझुनोची, कडेला गंजाचा एक ठिपका. परवा त्याच्याकडे गेलो होतो. त्याने हॉलमधल्या फरशीवर ती टेकवली आणि म्हणाला, ‘बघ.’ मी वरून बघितलं. बारीक कड, सरळ मान. आतून वहिनींचा आवाज आला, ‘फरशीला चरा पडला तर बघाच!’ आम्ही खाली पायपुसणं घातलं आणि परत बघत बसलो.