सलोखा आणि पुरावा

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला भिडणारा अरबी समुद्र कराचीचाही किनारा धुतो. याच समुद्रातून २००८ च्या नोव्हेंबरात दहा सशस्त्र हल्लेखोर मुंबईवर चालून आले. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून तिच्यावरील खलाशांचे प्राण घेतले. ते खलाशी आमच्या बंदरातील तांडेलांप्रमाणेच पोटासाठी समुद्रावर गेले होते. मुंबईत १६६ माणसे मारली गेली. अशा हल्लेखोरांना थारा देणाऱ्या सरकारशी बोलणी करावीत काय?

पुष्कळजण ‘मुळीच नको’ म्हणतात. त्यांचा संताप रास्त आहे. आपली भूमी दहशतवादास वापरू देणार नाही, असे वचन पाकिस्तानने २००४ च्या जानेवारीत दिलेच होते. तरीही माझ्या मते बोलणी करावीत. कारण शेजार बदलता येत नाही. मात्र गोड वचनांवर न विसंबता पुरावा पुढे ठेवूनच ती करावीत. तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून एका हल्लेखोरास घट्ट धरून ठेवले, म्हणून तो जिवंत सापडला. पुढे २००९ च्या फेब्रुवारीत, कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला, हे पाकिस्तानला कबूल करावे लागले. मुलांनो, ओंबळ्यांनी प्राण देऊन मिळवलेला तो पुरावा बोलणी करणाऱ्याने क्षणभरही हातचा सोडू नये.