कुलाब्याचे स्टेशन कोणी बुडविले?

मुरुडास आगगाडी हवी, असे कोणी म्हटले की शहाण्यासुरत्या मंडळींचे उत्तर तयार असते. समुद्रकाठी गाडी परवडत नाही. एका बाजूस नुसते खारे पाणी, तिकडून उतारू यावयाचे कोठून? मग पुरावा म्हणून मुंबईच्या कुलाबा स्टेशनाचे नाव पुढे केले जाते. ते नाही का बंद पडले? आमचा जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा याच नावाने ओळखला जात असे (ते नाव अलिबागच्या किल्ल्याचे, मुंबईच्या टोकाचे नव्हे), तेव्हा नामसाम्याखातर तरी हा दाखला तपासून पाहणे आम्हांस प्राप्त आहे. तपासाअंती तो आमच्याच बाजूचा निघतो.

कुलाब्याचे स्टेशन बंद पडले नाही. ते बंद करण्यात आले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वे कंपनीने १८७३ साली चर्चगेटच्या पुढे समुद्राच्या कडेकडेने आपला रस्ता कुलाब्यापर्यंत नेला. कापसाचा मोठा बाजार त्या काळी तेथेच होता. १८९६ साली कामचलाऊ इमारत जाऊन पक्के टर्मिनस उभे राहिले. गुजरातेकडील लांबच्या गाड्यांचा शेवट तेथे आणि लोकलांचाही तेथेच. इतकेच नव्हे, तर ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेची गाडी धावू लागली. ज्या स्टेशनास उतारू नाहीत, त्यापर्यंत कोणी विजेच्या तारा ओढीत नेतो काय? आणि या समारंभास तीन वर्षे पुरी होण्याच्या आत, १९३० सालच्या ३१ डिसेंबरास, ते स्टेशन बंद झाले!

यावर असे सांगण्यात येते की, त्याच महिन्याच्या १८ तारखेस बॉम्बे सेंट्रल उघडले, सबब कुलाब्याची गरज उरली नाही. लांबच्या गाड्यांपुरते हे आम्हांस मान्य आहे. परंतु लोकल गाड्या तर पूर्ववत चर्चगेटपर्यंत येतच राहिल्या. त्यांनी आणखी थोडे पुढे जाण्यास बॉम्बे सेंट्रलने कोणती आडकाठी केली?

खरी आडकाठी जमिनीची होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत बॅक बेचे पाणी हटवून आठ खंडांची नवी जमीन निर्माण करण्याचा घाट सरकारने घातला होता. या नव्या जमिनीच्या व जुन्या शहराच्या मध्ये रूळ आडवे येत होते, म्हणून रूळ गेले. जमीन मात्र आली नाही. त्या कामातील अंदाधुंदी खुर्शेद नरिमन यांनी वेशीवर टांगली, अब्रुनुकसानीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले, आणि आठांपैकी चारच खंड सरकारच्या हाती लागले. मधले चार पाण्यातच राहिले. त्यांवर भर पडली ती स्वातंत्र्यानंतर. आणि त्या भरावाच्या टोकास नाव दिले कोणाचे, तर नरिमन यांचे! इतका बेमालूम विनोद आमच्या नाटककारांनाही साधत नाही.

थोडक्यात, जी जमीन अद्याप समुद्राच्या तळाशी होती तिच्या आशेने हातची आगगाडी घालविली गेली. स्टेशनाच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. ट्राम होती, तीही गेली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली, तेव्हा कोठे कुलाब्याच्या बाजूस पुन्हा रूळ दिसले. जे वर होते ते उखडावयाचे आणि पंचाण्णव वर्षांनी जमिनीच्या पोटातून परत आणावयाचे, याला कोणी प्रगती म्हणत असेल तर म्हणो बापडा. तेथे उतारू नव्हते, एवढे मात्र आता कोणी म्हणू नये.

आता आमच्याकडे पाहा. रूळ रोह्यास १९८६ साली आले. रोह्यापासून पुढे जाणारी कोकण रेल्वे १९९८ साली सर्वत्र सुरू झाली; परंतु मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ले यांपैकी एकाही बंदरास तिचे स्टेशन नाही. खाड्या मुखाशी रुंद असतात, म्हणून रस्ता आतून नेला, हे कारण आम्ही नाकारीत नाही. आम्हांस राग येतो तो निराळ्या गोष्टीचा. सुट्टीच्या दिवशी किनारा पाहावयास येणाऱ्यांच्या मोटारींसाठी रस्ता रुंद करावयाचा म्हटले की खर्चाचा प्रश्न निघत नाही. मुरुडच्या कोळणीची पाटी, विद्यार्थ्याचे दप्तर आणि मुंबईच्या इस्पितळास निघालेला रोगी यांची गोष्ट निघाली की लगेच जमाखर्चाची वही उघडते. या किनाऱ्याने बोटींवरचा भरवसाही पाहिलेला आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली, तीत सहाशेंहून अधिक माणसे गेली.

मुरुडास ‘नाही’ म्हणावयाचे असेल तर खाड्यांची रुंदी, पुलांचा खर्च आणि उतारूंची संख्या यांचा हिशेब उघडपणे मांडून म्हणावे. आम्ही तो ऐकून घेऊ, पटला तर मानूही. कुलाबा स्टेशनाचे नाव मात्र त्यात गोवू नये.